आधी पाय, मग फरशी, मग पैसे : इनलाइन हॉकीच्या स्केटची निवड



दर वर्षी सुटी संपत आली की घरून फोन येऊ लागतात. "सर, मुलाचं नाव हॉकीच्या संघात आलंय. स्केट कोणते घेऊ?" त्यामागून दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "पाय वाढतोय त्याचा. दोन नंबर मोठे घेतले तर चालतील ना?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला एका छात्रामुळे कळले, आणि त्यात चूक माझी होती. नववीतला हा मुलगा नवे, महागडे स्केट घेऊन आला. वडिलांनी पगारातून महिनोन् महिने पैसे बाजूला काढून ते घेतले होते. सरळ रेषेत तो छान धावे. वळण आले की मात्र त्याचा घोटा आत झुके आणि तो पडे. घोटा कमकुवत आहे असे ठरवून मी त्याला रोज जादा व्यायाम दिला. तीन आठवड्यांनी त्याचा पाय मुरगळला आणि त्या वर्षीची स्पर्धा हुकली. नंतर कीट तपासणीत मी त्याच्या बुटातला आतला तळ बाहेर काढला आणि त्यावर त्याला उभे केले. बोटांपुढे दोन बोटे जागा रिकामी होती. पठ्ठ्या दोन-दोन मोजे घालून खेळत होता. पाय बरा झाल्यावर भांडारातला त्याच्या मापाचा एक जुना, खरचटलेला जोड त्याला दिला. आठ दिवसांत तो वळायला लागला. घोटा मुळात ठीक होता, बूट चुकला होता.

म्हणून हा पाठ. स्केटचे तीन मुख्य भाग : बूट, फ्रेम आणि चाके. बूट पायावरून ठरतो, चाके फरशीवरून आणि वजनावरून ठरतात, फ्रेम या दोघांना जोडते. किमतीचा विचार त्यानंतर.

थोडा इतिहास

एका ओळीत चाके असलेले स्केट जुनेच आहेत. पण आजच्या रूपात ते आणले अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या दोन भावांनी, १९८० च्या सुमारास. दोघेही आइस हॉकी खेळणारे. बर्फ नसताना सराव कसा करायचा, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे हाच प्रश्न लडाखच्या खेळाडूंना पडतो. तिथे नैसर्गिक बर्फावर हिवाळ्याचे थोडेच आठवडे खेळता येते. लष्कराचे आणि आयटीबीपीचे संघ तिथे आइस हॉकी खेळतात. आज इनलाइनवर पाय बसवणाऱ्या छात्राला उद्या तो बर्फही परका वाटणार नाही.

१. बूट

नंबर पाहून बूट मागवू नका, पाय मोजून मागवा. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दिवसभरात पाय किंचित फुगतो, म्हणून माप संध्याकाळी घ्या. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचे माप धरा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

नंबरात फसगत होते ती अशी. आपल्याकडे बुटाचे नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचे असतात. पुरुषांच्या मापात आपला ७ म्हणजे अमेरिकन सुमारे ८. बऱ्याच हॉकी स्केटचा नंबर अमेरिकन बुटापेक्षाही १ ते १.५ ने कमी असतो. म्हणजे ७ नंबरची चप्पल घालणाऱ्याला स्केट साधारण ६.५ किंवा ७ चे लागतील. त्यात "वाढत्या पायाचे" दोन नंबर मिळवले, की माझ्या त्या छात्रासारखी गत होते.

बूट हातात आल्यावर या चार चाचण्या करा. मोजा पातळ आणि एकच असावा.

पहिली : लेस सैल ठेवून पाय पुढे सरकवा. बोटे टोकाला टेकली की टाचेमागे फार तर एक बोट जावे. दोन जात असतील तर बूट मोठा.

दुसरी : टाच मागे ठोकून बसवा, लेस बांधा आणि ताठ उभे राहा. बोटे टोकाला जेमतेम स्पर्श करतील. गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे यायला हवीत. ताठ उभे असताना बोटे दुमडत असतील तर बूट लहान.

तिसरी : गुडघे वाकवून टाच उचलायचा प्रयत्न करा. टाच बुटात वर-खाली होता कामा नये. चारांतली सर्वांत महत्त्वाची चाचणी हीच. टाच हलली की घोट्याला आधार राहत नाही आणि पायाला फोड येतात.

चौथी : लेस सोडा, जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल पायाच्या वरच्या भागाला टेकली तर बूट उथळ आहे. असा बूट आवळला की पायाला मुंग्या येतात.

लांबी बरोबर, पण पाय रुंद असेल तर मोठा नंबर हा उपाय नव्हे. त्याच नंबरात रुंद साचा मिळतो का ते विचारा. अनेक हॉकी बूट उष्णतेने पायाच्या आकाराला बसवता येतात. हे काम दुकानातल्या खास भट्टीतच करावे, आणि तेही कंपनीने परवानगी दिलेल्या बुटाचेच. घरचा ओव्हन किंवा गरम हवेचे यंत्र वापरू नका. तापलेल्या बुटात पाय घालून बसून राहायचे असते. तो निवेपर्यंत उभे राहायचे नाही, चालायचे नाही, आणि लेस हिसकायची नाही, नाहीतर भोकांच्या कड्या निघतात. एखादे हाडच टोचत असेल तर तेवढ्या जागी बूट दाबयंत्राने फुगवून घेता येतो.

२. फ्रेम

तयार हॉकी स्केटमध्ये फ्रेम बहुधा रिव्हेटने पक्की बसवलेली येते. त्यामुळे बहुतेक छात्रांना फ्रेम निवडायची नसते, तपासायची असते.

धातू दोन प्रकारचे. अॅल्युमिनियम स्वस्त आणि टिकाऊ. मॅग्नेशियमची घनता त्यापेक्षा कमी, म्हणून फ्रेम हलकी, पण किंमत जास्त. शाळेच्या पातळीवर अॅल्युमिनियम पुरते.

चाकांची मांडणीही दोन प्रकारची. सपाट फ्रेममध्ये चारही चाके एकाच मापाची असतात, उदाहरणार्थ ७६ किंवा ८० मिलिमीटर. हाय-लो फ्रेममध्ये पुढची दोन ७६ ची आणि मागची दोन ८० ची असतात. लहान मापाच्या बुटाला ७२ आणि ७६ येतात. मागची मोठी चाके वेग टिकवतात, पुढची लहान चाके झटकन वळायला मदत करतात.

इथे एक चूक नेहमी होते. हाय-लो फ्रेममध्ये चारही चाके ७६ ची घातली जातात, कारण तीच हाताशी असतात. व्यासातला फरक ४ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येतला २. मागचा भाग २ मिलिमीटर खाली बसतो आणि खेळाडूचा तोल टाचेवर जातो. पुढे ८० चे चाक घातले तर ते शेजारच्या चाकाला किंवा बुटाच्या तळाला घासू शकते. फ्रेमवर जे माप लिहिले आहे तेच घाला.

फ्रेम सरळ बसली आहे का ते असे पाहा. सपाट फरशीवर लेस बांधून, गुडघे किंचित वाकवून उभे राहा आणि मित्राला मागून पाहायला सांगा. चाके उभी दिसायला हवीत. दोन्ही पाय सारखेच आत झुकत असतील तर आधी बुटाचे माप आणि लेस तपासा. एकच झुकत असेल तर त्या बाजूची फ्रेम तिरकी असण्याची शक्यता आहे. रिव्हेट काढून फ्रेम पुन्हा बसवणे हे कारागिराचे काम आहे, वसतिगृहातल्या स्क्रू-ड्रायव्हरचे नाही.

३. चाके

चाकावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा कडकपणा. कडकपणा शोअर ए या मापात मोजतात : ७४ ए मऊ, ८४ ए कडक.

गुळगुळीत फरशीवर मऊ चाक धरून राहते, कडक चाक घसरते. खरखरीत सिमेंटवर उलट : मऊ चाकाचा काही आठवड्यांत चुरा होतो, कडक चाक टिकते. वजनाचाही हिशेब आहे. जड खेळाडूखाली मऊ चाक जास्त दबते आणि वेग खाते, म्हणून त्याला थोडे कडक चाक हवे.

सुरुवातीचा अंदाज असा धरा. आतल्या गुळगुळीत किंवा प्लास्टिक टाइलच्या रिंकवर ७० किलोच्या आतील खेळाडूला ७२ ते ७४ ए, ७० ते ८५ किलोला ७६ ए, त्याहून जड असेल तर ७८ ए. बाहेरच्या सिमेंटवर ८० ते ८५ ए. आपला सराव बहुधा बाहेर आणि सामने बरेचदा आत होतात. म्हणून शक्य असेल तर चाकांचे दोन संच ठेवा. दुसऱ्या महागड्या बुटापेक्षा दुसरा संच कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

मोठे चाक म्हणजे कमी फेरे. ८० मिलिमीटरच्या चाकाचा परीघ सुमारे २५१ मिलिमीटर, म्हणून ४० मीटरला सुमारे १५९ फेरे होतात.

आपण आतल्या कडेने ढकलतो, म्हणून चाक आतून झिजते. दर आठवड्याला चाके उलटवून झिजलेली बाजू बाहेर करा आणि जागाही बदला. सपाट फ्रेममध्ये पहिले तिसऱ्याशी, दुसरे चौथ्याशी. हाय-लोमध्ये पहिले दुसऱ्याशी, तिसरे चौथ्याशी, म्हणजे मापे मिसळत नाहीत.

४. बेअरिंग

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग आणि त्यांच्यामध्ये एक स्पेसर असतो. स्पेसर हरवला तर अॅक्सल आवळताच बेअरिंग दाबले जाऊन चाक जाम होते. बहुतेक स्केटमध्ये ६०८ मापाचे बेअरिंग असते : आतले भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. काही हॉकी चाकांना १६ मिलिमीटर व्यासाचे छोटे बेअरिंग लागते. विकत घेताना जुने सोबत न्या. त्यावरचा 'एबेक' आकडा बनावटीतल्या अचूकतेचा असतो, टिकाऊपणाचा नव्हे. धुळीच्या मैदानावर महागडे पण अस्वच्छ बेअरिंग साध्या स्वच्छ बेअरिंगपुढे हरते.

पावसात भिजल्यास चाके त्याच दिवशी काढून पुसा आणि सुकवा. तेल हलके, थेंबभरच. खोबरेल तेल मुळीच नको, थंडीत ते गोठते.

५. एका वेळी एकच बदल

रायफल झिरो करताना आपण काय करतो? गट मारतो, पाहतो, एकच फेरफार करतो आणि पुन्हा गट मारतो. स्केटचेही तसेच करा. चाके, लेस आणि फ्रेम एकाच दिवशी बदलली तर फायदा कशाने झाला हे कधीच कळत नाही. पाच शंकू दोन-दोन मीटरवर ठेवा, त्यांतून नागमोडी जाऊन परत या आणि वेळ नोंदवा. असे तीनदा करा. मग एकच बदल करा आणि पुन्हा तीनदा. वहीत तारीख, फरशी, चाक आणि वेळ लिहा. काही अनुभवी खेळाडू कडक आणि मऊ चाके मिसळतात किंवा कडेची दोन चाके लहान लावून वळण सोपे करतात. ते त्यांच्या वहीतून आलेले असते. त्यांचे पाहून पहिल्याच वर्षी तसे करू नका.

पालकांसाठी

पैसे आधी हेल्मेट आणि संरक्षक पट्ट्यांवर, मग बुटावर, मग चाकांवर घाला. हॉकी स्केटला टाचेचा ब्रेक नसतो. मूल थांबायला शिकल्याशिवाय त्याला सामन्यात उतरवत नाहीत, याची खात्री करून घ्या. वाढत्या पायासाठी फार तर अर्धा नंबर जादा चालेल. लहान झालेला जोड चांगल्या स्थितीत असेल तर खालच्या वर्गातल्या छात्राला द्या आणि वरच्या वर्गातल्याचा घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी छात्रांना एक सांगायचे राहिले. त्या मुलाला बूट मोठे आहेत हे पहिल्याच दिवशी कळले होते. वडिलांनी एवढे पैसे घातले, आता कसे सांगू, म्हणून तो गप्प राहिला. मीही विचारले नाही. कीटमधला दोष सांगणे ही तक्रार नव्हे, ते कर्तव्य आहे. बूट सैल असेल तर त्याच दिवशी सांगा. आणि शिक्षकमित्रांनो, घोट्याला दोष देण्याआधी बुटातला आतला तळ काढून पाहा.

स्वाध्याय

१. तुमचे दोन्ही पाय मोजून माप मिलिमीटरमध्ये लिहा.
२. ७६ मिलिमीटरचे चाक ४० मीटरमध्ये किती फेरे घेईल?
३. ५२ किलोच्या छात्राचा सराव बाहेरच्या सिमेंटवर आणि सामना आतल्या टाइलवर आहे. त्याने कोणती चाके न्यावीत, आणि का?

उत्तरे वहीत लिहा आणि पुढच्या सरावाला वही सोबत आणा.