निकेलच्या बाथमधले तांबे आणि लोखंड कसे काढावे?

निकेलच्या बाथमध्ये तांबे शिरले की वस्तूच्या खोबणीत, जिथे प्रवाह कमी पोचतो तिथे, मुलामा काळपट येतो. बहुधा टाकीत पडून राहिलेला पितळी नग किंवा बसबारवरून ठिबकणारे हिरवे पाणी याला कारण असते. ते आधी थांबवणे सर्वांत महत्त्वाचे. मग नागमोडी वाकवलेला पत्रा कॅथोडला टांगून, दर चौरस डेसिमीटरला ०.२ ते ०.५ अँपिअर इतक्या मंद प्रवाहावर, बाथ ढवळत ठेवून चालवावा. पत्र्याच्या खळग्यांत तांब्याचा काळा थर बसतो. तो फिका येईपर्यंत धीर धरावा. जस्तही असेच निघते. लोखंडासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, निकेल कार्बोनेटने पीएच ५च्या वर नेऊन, बसलेला गाळ फिल्टरने काढावा लागतो.