एडिथ कार्लमार : दहा वर्षं, दहा चित्रपट

वाचण्यापूर्वी

‘दिग्दर्शक’ हा शब्द तुम्ही मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पाहिला असेल. दिक् म्हणजे दिशा. दिक् आणि दर्शक एकत्र आले, की ‘क्’चा ‘ग्’ होतो आणि दिग्दर्शक, म्हणजे दिशा दाखवणारा, हा शब्द तयार होतो. बाई असेल तर काहीजण ‘दिग्दर्शिका’ म्हणतात, काहीजण बाईंनाही ‘दिग्दर्शक’च म्हणतात. या पाठात दोन्ही रूपं भेटतील. तुम्हाला कोणतं बरोबर वाटतं, ते वाचता वाचता ठरवा.

पाठ

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. तिथे बायकांना मतदानाचा पूर्ण हक्क १९१३ सालीच मिळाला होता. म्हणजे तो देश याबाबतीत बराच पुढे होता. तरीही एका बाईने पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित करायला १९४९ साल उजाडावं लागलं. त्या बाईंचं नाव एडिथ कार्लमार.

एडिथ यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९११ चा, नॉर्वेच्या राजधानीतला. त्या शहराला आज आपण ऑस्लो म्हणतो, पण तेव्हा त्याचं नाव क्रिस्तियानिया होतं. घरची परिस्थिती बेताचीच. लहानपणी त्या नाच शिकल्या, पुढे नाटकात कामं करू लागल्या. ओटो कार्लमार यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेही नाटक-सिनेमाच्याच जगातले.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. नॉर्वेमधली बरीचशी चित्रपटगृहं खाजगी मालकांची नव्हती, ती नगरपालिकांची होती. लोक तिकीट काढत, पण नफा जायचा नगरपालिकेच्या तिजोरीत आणि तिथून गावाच्या कामांना. गावासाठी चांगलंच! पण चित्रपट काढणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नसे. देश लहान, भाषा बोलणारे थोडे, त्यातून १९४० ते १९४५ जर्मनीचा ताबा. युद्ध संपलं तेव्हा वर्षाला मोजकेच चित्रपट तयार व्हायचे. अशा ठिकाणी नवख्या माणसाला, त्यात बाईला, कोण कशाला चित्रपट देईल?

एडिथ आणि ओटो यांनी कोणी देण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली, कार्लमार फिल्म. दिग्दर्शन एडिथ यांचं आणि पटकथेत ओटो यांचा हात, असा हा संसार. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ‘पहिली महिला दिग्दर्शक’ हे बिरुद ऐकायला छान वाटतं, पण ते कोणी त्यांना बहाल केलेलं नव्हतं. कंपनी घरची होती, म्हणून खुर्ची मिळाली. आणि ती टिकवायची तर प्रत्येक चित्रपटाला प्रेक्षक यायलाच हवे होते.

पहिला चित्रपट १९४९ चा. त्याच्या नॉर्वेजियन नावाचा अर्थ होतो ‘मृत्यू म्हणजे एक मायेचा स्पर्श’. आर्वे मून या लेखकाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एरिक नावाचा तरुण गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो. त्याचं लग्न ठरलेलं आहे. एक दिवस सोन्या नावाची श्रीमंत, विवाहित बाई गाडी घेऊन येते. पुढे दोघं एकमेकांत गुंततात, लग्नही करतात, आणि मग भांडणं, संशय, शेवटी खून. सगळी गोष्ट एरिकच्या आठवणींतून उलगडत जाते.

काळोख्या सावल्या, गुन्हा, आणि सुरुवातीपासूनच वाईट शेवटाची चाहूल, अशा चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘काळा चित्रपट’. एडिथ यांचा हा चित्रपट नॉर्वेतला पहिला फिल्म न्वार मानला जातो. त्या काळच्या अमेरिकन न्वारमध्ये सुंदर बाई बहुतेक वेळा कपटी असते. ती पैशासाठी पुरुषाला जाळ्यात ओढते. सोन्याचं तसं नाही. पैसा तिच्याकडेच आहे! तिला हवंय ते प्रेम, आणि ते हवंय हे ती लपवत नाही. १९४९ साली पडद्यावर बाईने असं वागणं लोकांना सहज पचणारं नव्हतं.

दुसरा चित्रपट १९५१ चा, ‘स्कादेस्कुट’. शिकारीत गोळी लागून जखमी झालेल्या, पण न मेलेल्या जनावराला नॉर्वेजियन भाषेत हा शब्द वापरतात. गोष्ट मात्र शिकारीची नाही. एका संसारातला नवरा मनाने खचतो आणि त्याला मनोरुग्णालयात जावं लागतं. मनाच्या आजाराबद्दल लोक दबक्या आवाजात बोलायचे, तो काळ हा. (अजूनही आपल्याकडे कितीजण मोकळेपणाने बोलतात, सांगा!) तिसऱ्या चित्रपटात, १९५३ साली, एक तरुण बायको घरातून नाहीशी होते, आणि हळूहळू कळतं की तिला अमली पदार्थांचं व्यसन होतं.

पण सतत असेच जड विषय घेतले तर कंपनी चालायची कशी? एडिथ यांनी विनोदी चित्रपटही काढले, आणि तेही मन लावून. १९५७ चा ‘फ्योल्स टिल फ्येल्स’ घ्या. नावातच यमक आहे, अर्थ साधारण ‘डोंगरातले वेडपट’. बर्फातलं एक हॉटेल, तिथे काम करणारा पोपे हा उंच, बावचळलेला माणूस, आणि मुलाचे कपडे घालून हॉटेलात नोकर म्हणून वावरणारी मालकाची मुलगी. पोपेचं काम लाइफ युस्टर या नावाजलेल्या विनोदी नटाने केलं. हा चित्रपट नॉर्वेत खूप लाडका झाला. समीक्षक विनोदी चित्रपटांकडे नाक मुरडतात, हे तिथेही खरं आहे. पण कंपनीचं घर चालायला प्रेक्षकच लागतात.

याच चित्रपटात एका छोट्याशा भूमिकेत एक नवखी मुलगी दिसते. तिचं नाव लिव उलमान. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, एडिथ यांनी तिलाच ‘उंग फ्लुक्ट’ची नायिका केलं. तेव्हा लिव वीस वर्षांची होती. गेर्ड नावाच्या मुलीला गावाने ‘वाया गेलेली’ ठरवलेलं असतं. ती आपल्या मित्राबरोबर पळून जंगलातल्या एका ओसाड शेतघरात राहते. चित्रपट तिला उपदेश करत नाही. ती हसते, चिडते, चुकते, आणि कॅमेरा तिच्याकडे शांतपणे बघत राहतो.

‘उंग फ्लुक्ट’ हा एडिथ यांचा दहावा चित्रपट, आणि शेवटचाही. १९४९ ते १९५९, एवढीच त्यांची दिग्दर्शिका म्हणून कारकीर्द. पुढच्याच वर्षी नॉर्वेत दूरदर्शन अधिकृतपणे सुरू झालं, आणि चित्रपटगृहाचं जगही बदलू लागलं. एडिथ नंतर अधूनमधून छोट्या भूमिका करत राहिल्या, पण दिग्दर्शकाच्या खुर्चीत पुन्हा बसल्या नाहीत. तेव्हा त्या पन्नाशीच्याही झाल्या नव्हत्या.

१९७० च्या दशकात आन्या ब्रायेन, लायला मिकेल्सेन, विबेके ल्योकेबर्ग अशा नव्या दिग्दर्शिका नॉर्वेत पुढे आल्या. लिव उलमान तर स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांच्या चित्रपटांतून जगभर पोहोचल्या, आणि १९९२ मध्ये ‘सोफी’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. एडिथ तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. १७ मे २००३ रोजी त्यांचं निधन झालं. १७ मे म्हणजे नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस.

शब्द आणि वाक्प्रचार

परिस्थिती ‘बेताची’ असणं म्हणजे जेमतेम भागेल इतकाच पैसा असणं. ‘बिरुद’ म्हणजे नावाबरोबर लावली जाणारी मानाची पदवी. ‘नाक मुरडणं’ म्हणजे नापसंती दाखवणं. ‘साल उजाडावं लागलं’ यात उजाडणं म्हणजे सकाळ होणं नव्हे, तर खूप वाट पाहिल्यावर ती वेळ येणं. या चारपैकी कोणतेही दोन वापरून तुमच्या घरातल्या एखाद्या प्रसंगाबद्दल दोन-तीन वाक्यं लिहा.

वाचून झाल्यावर

१. चित्रपटगृहं नगरपालिकेची असल्यामुळे गावाचा काय फायदा झाला आणि चित्रपट काढणाऱ्यांचं काय नुकसान झालं?

२. सोन्या ही अमेरिकन न्वारमधल्या बाईपेक्षा वेगळी कशी आहे? पाठातलं कोणतं वाक्य वाचून तुम्हाला ते कळलं?

३. लेखकाला ‘पहिली महिला दिग्दर्शक’ या बिरुदापेक्षा कंपनी काढणं जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला ते पटतं का? पटत नसेल तर का नाही, ते मोठ्याने बोलून दाखवा आणि मग लिहा.

४. आजी-आजोबांना किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा : बाईने दिग्दर्शित केलेला कोणता चित्रपट त्यांनी पाहिलाय? त्यांचं उत्तर त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहून आणा.