आवणीची पाठ आणि हॉकीची पाठ

पावसाळ्यात माळशेजच्या रस्त्याला लागलात की वैशाखऱ्याच्या आसपासच्या खाचरांत आवणीला वाकलेल्या बाया दिसतात. जरा थांबून पाहा. काहींची पाठ कासवासारखी गोल झालेली असते. काही, बहुधा वयाने मोठ्या आणि सवयीच्या, खुब्यातून वाकतात. गुडघे किंचित मोडलेले, कुल्ले मागे, पाठ फळीसारखी. संध्याकाळी कंबर धरून कोण बसते, हे त्यांच्याच घरच्यांना विचारा.

हॉकीचा खेळ याच वाकण्यावर उभा आहे, म्हणून आवणीचा दाखला दिला. आपल्या तालुक्यात कबड्डीची मुले जास्त आणि हॉकीची थोडी, हे खरे. पण शाळेतून, आश्रमशाळेतून मुले निवड चाचणीला जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या आयांचा प्रश्न एकच असतो: पोरीची कंबर दुखते, खेळ बंद करू का? बंद करू नका. आधी ती वाकते कशी ते पाहा.

हॉकीत काठीची फक्त सपाट बाजू वापरता येते. डावा हात वर, उजवा खाली आणि चेंडू शरीराच्या उजवीकडे पुढे. म्हणजे खेळाडू नुसती वाकत नाही, वाकून पिळलेली राहते. वर मैदान ९१.४ मीटर लांब, १५ मिनिटांचे चार डाव. धावायचे, थबकायचे, वळायचे, पुन्हा धावायचे. त्यामुळे दुखणी ठरलेली आहेत: कंबर, मांडीचा मागचा स्नायू, जांघ, घोटा. समोरून येणारा चेंडू अंगावर बसतो ते वेगळे. तो नशिबाचा भाग म्हणा, पण बाकीची दुखणी बरीचशी टाळता येतात.

पहिली परीक्षा घरच्या केरसुणीच्या दांड्याने होते. दांडा पाठीवर उभा धरायचा. तो डोक्याच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, अशा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. आता गुडघे थोडे मोडून पुढे वाका. तिन्ही जागा टेकलेल्या राहिल्या तर वाकणे खुब्यातून आहे. एखादी सुटली, तर पाठ गोल होते आहे. आधी हे जमवावे, वजन मग. चुकीच्या वाकण्यावर वजन चढवले तर चूकच मजबूत होते.

वजन म्हटले की घरात कुजबुज सुरू होते: मुलगी वजन उचलेल तर उंची खुंटेल, अंग पुरुषी होईल. दोन्ही खोटे. जाणत्याच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवलेल्या वजनाने वाढ थांबत नाही. आणि गंमत पाहा, हीच मुलगी डोक्यावर भरलेला हंडा आणि मोळी आणते तेव्हा कुणाला उंचीची आठवण होत नाही.

जिमची गरज नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरले की पाच किलो झाले. दोन हातांत दोन कॅन घेऊन खुब्यातून वाकायचे आणि उठायचे, आठ-दहा वेळा. मग तेच कॅन घेऊन उकिडवे बसल्यासारखे खाली जाऊन उभे राहायचे. मग एक पाय बाजूला लांब टाकून त्या गुडघ्यात वाकायचे, कारण हॉकीत चेंडू अडवताना नेमका हाच पाय पडतो. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवस विश्रांती आणि सामन्याच्या आदल्या दिवशी अजिबात नाही.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम मात्र चुकवू नये. गोधडीची घडी घालून तिच्यावर गुडघे टेकून उभे राहायचे, मागून कुणीतरी घोटे घट्ट धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून, जमेल तितके सावकाश पुढे झुकत जायचे. तोल सुटला की हात टेकायचे. सुरुवातीला फक्त तीनदा, थोडे थांबून पुन्हा तीनदा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मांड्या भरून येतात, त्याने घाबरू नका. फुटबॉलसारख्या धावण्याच्या खेळांत ज्या संघांनी हा व्यायाम नेमाने केला, त्यांच्यात या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

उडी मारून खाली येताना आवाज ऐका. धप्प आवाज आला, गुडघे आत एकमेकांकडे गेले, तर तिथे धोका आहे. मुलींच्या गुडघ्याची मोठी दुखापत अशाच क्षणी होते. गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून मांजरीसारखे उतरायला शिकवा. घोट्यासाठी रोज दात घासताना एका पायावर उभे राहणे पुरे.

साताऱ्याच्या फलटण तालुक्यातली शेतकऱ्याची मुलगी वैष्णवी फाळके भारतीय संघात पोहोचली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. वंदना कटारियाने टोकियो ऑलिंपिकमध्ये, ३१ जुलै २०२१ रोजी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. काही दिवसांत संघ उपांत्य सामना हरला तर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. आपल्या मुलींना मैदानात कशाकशाला तोंड द्यावे लागते, ते आपल्याला नव्याने सांगायला नको. निदान कंबर आणि गुडघा तरी त्यांच्या बाजूने असावा. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण पंधराव्या वर्षी दुखापत अंगावर काढलेली मुलगी तिथवर पोहोचत नाही.

अंगावर काढू नये अशी दुखणी ओळखून ठेवा. मागे वाकताना कंबरेत एकाच जागी कळ येते आणि दोन-तीन आठवडे थांबत नाही, तर वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पायात मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपमोड करणारे दुखणे, गुडघ्यात ‘कट्’ आवाज होऊन लगेच आलेली सूज, पाय टेकवत नाही असा घोटा, यांपैकी काहीही असेल तर मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात न्या. आधी हाडवैद्याकडे चोळून घेऊ नका. ताजी सूज चोळल्याने वाढते.

आणि ताटाकडे पाहा. व्यायाम केला पण खायला भात आणि पातळ कालवण एवढेच असेल तर स्नायू बनणार कशाचे? अंडे, डाळ, जवळा, नाचणी, शेंगदाणे, जे घरात परवडेल ते, पण खेळणाऱ्या मुलीला भावाइतकेच. खेळायला लागल्यापासून मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर अन्न कमी पडत असल्याची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. धाप लवकर लागते, चेहरा फिका दिसतो, तर उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी बऱ्याच मुली तोंड कडू होते म्हणून कुंपणापलीकडे टाकतात. ती जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला लावा. चहाबरोबर नको.