जखम बुजली म्हणजे रोग गेला नव्हे



बेण्याची टिपरी हातात घेतली तर ती हिरवीगार, रसरशीत दिसते. खोट काढायला जागा नसते. आणि लागणीनंतर काही महिन्यांनी त्याच बेटातून काणीचा काळा चाबूक बाहेर पडतो. रोग टिपरीतच होता, दिसत नव्हता इतकेच. म्हणून तर आपण नुसत्या डोळ्यांनी बेणे पारखून थांबत नाही, बेणेप्रक्रिया करतो.

माणसाच्या शरीरातही असे दडून बसणारे रोग आहेत. शरीरसंबंधातून ते एकाचे दुसऱ्याला लागतात. आपण त्यांना गुप्तरोग म्हणतो, आणि नावाप्रमाणे ते गुप्तच ठेवतो. या पानावर हा विषय कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण न बोलल्याने काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

आमच्या माहितीतले एक गृहस्थ ऊस वाहतुकीच्या ट्रकवर होते. नावगाव सांगण्याचे कारण नाही. एका हंगामात त्यांना जागेवर एक फोड आला. दुखेना, खुपेना. दुकानातून मलम आणून लावले आणि महिन्याभरात फोड बुजला. "मलमाने गुण आला" म्हणून गडी निर्धास्त झाला. पुढे दोन वर्षांनी त्यांच्या मंडळींना आठव्या महिन्यात मूल झाले ते मृत. घरच्यांनी बोल लावला तो तिला. कोणी पायगुण काढला, कोणी देवाचे काही राहिले म्हणाले. अखेर डॉक्टरांनी दोघांचे रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. दोघांनाही गरमी होती. दोघांना इंजेक्शने दिली, पुढच्या खेपेला वेळेवर तपासण्या झाल्या आणि मूल सुखरूप जन्मले. पण पहिले गेले ते गेलेच. त्या माउलीने सोसलेले बोलही कोणी परत घेतले नाहीत.

हे कसे घडते?

गरमी म्हणजेच उपदंश. हा रोग एका जंतूमुळे होतो. जंतू शिरल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी फोड किंवा चट्टा उठतो. तो बहुधा दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप बुजतो. मलम लावा, अंगारा लावा किंवा काहीच लावू नका, तो बुजणारच. इथेच माणूस फसतो. जंतू मात्र रक्तात पसरलेला असतो. पुढे कधी अंगावर, विशेषतः तळहातांवर व तळपायांवर पुरळ उठते, ताप येतो, तेही जाते. नंतर वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. उपचार झाला नाही तर काहींच्या बाबतीत पुढे हृदय, मेंदू, डोळे यांवर घाला पडतो. गरोदर स्त्रीला हा रोग असेल तर तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

एके काळी यावर पाऱ्याची औषधे देत आणि रोगापेक्षा औषधानेच माणूस खंगे. 1943 साली पेनिसिलीन या रोगावर लागू पडते असे दिसून आले आणि चित्र पालटले. आजही पेनिसिलीनच यावरचे खात्रीचे औषध आहे. रोग सुरुवातीचा असेल तर बहुधा एकदाच इंजेक्शन पुरते. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा घ्यावे लागते.

बाकीचे रोग

परमा झाला की पुरुषाला थोड्याच दिवसांत लघवीला जळजळ होते व पू येतो. स्त्रीला मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि रोग आतल्या आत गर्भनलिका खराब करतो. मूल न होण्यामागे हेही एक कारण असते. आपल्याकडे दोष बाईला देऊन मोकळे होतात, म्हणून मुद्दाम सांगतो. परम्याचे जंतू आता अनेक जुन्या गोळ्यांना दाद देत नाहीत. तेव्हा "मागच्या वेळी अमक्याने घेतलेली गोळी" स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी भगिनी वर्षानुवर्षे अंगावर काढतात. पांढरे जाणे म्हणजे गुप्तरोगच असे मुळीच नाही, साध्या कारणांनीही ते होते. पण अंगाला खाज, घाण वास, दुखणे असेल तर तपासून घ्यावे. बहुतेकदा काम गोळ्यांवर भागते. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्याच धंद्यातली ही गोष्ट आहे. तेव्हा कोणी एकदम "पिशवी काढा" म्हटले, तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

कावीळ ब आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग करणारा विषाणू हेही याच वाटेने येतात. पण या दोन्हींवर लस आहे. एच.आय.व्ही.चा समूळ नायनाट करणारे औषध सर्वांसाठी अजून नाही. तथापि रोज गोळ्या घेणारा माणूस आज दीर्घकाळ कामधंदा करून जगतो. औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

मग आपण काय करावे?

1. फोड, पू, जळजळ, जांघेत गाठ यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. आपोआप बरे झाले तरी तपासणी टाळू नये.

2. उपचार नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी घ्यावा. एकानेच घेतला तर दुसऱ्याकडून रोग परत येतो. निम्म्या वाफ्यांना पाणी देऊन शेत भिजले म्हणण्यासारखे ते आहे. डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळावा.

3. घरात गरोदर बाई असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच तिची नोंद करून गरमी व एच.आय.व्ही. यांसाठी रक्त तपासून घ्यावे. टोळीबरोबर आलेल्या भगिनींनाही हे सांगावे. गाव बदलले म्हणून तपासणी चुकू नये.

4. परक्या संबंधाचा प्रसंग आला असेल किंवा जोडीदाराच्या तपासणीची खात्री नसेल, तर दर वेळी निरोध वापरावा. गरमी किंवा नागीण ज्या भागावर आहे तो निरोधाने झाकला नाही तर तेथून रोग लागू शकतो. तरीही धोका पुष्कळ कमी होतो.

5. एच.आय.व्ही.ची लागण नुकतीच झाली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे. तीन दिवसांच्या आत दवाखान्यात पोचल्यास लागण टाळण्यासाठी औषधही देता येते.

सरकारी रुग्णालयांतून "सुरक्षा क्लिनिक" या नावाने यासाठी वेगळी सोय आहे. समुपदेशन व चाचणी केंद्रेही आहेत. तेथे तपासणी व औषध मोफत मिळते. 1097 या क्रमांकावर फोन केल्यास घरबसल्या माहिती मिळते, पैसे पडत नाहीत. एच.आय.व्ही. असलेल्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय फोडण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे, आणि तेवढ्यावरून त्याला कामावरून काढता येत नाही.

एकाच तांब्याने पाणी प्याल्याने, एका पंगतीला जेवल्याने किंवा डास चावल्याने एच.आय.व्ही. लागत नाही. तेव्हा कोणाला वाळीत टाकण्याचे कारण नाही. आणि हे रोग ट्रकवाल्यांचे, टोळीवाल्यांचे, असेही कोणी समजू नये. जंतू सात-बारा पाहून शिरत नाही.

शेवटी एकच सांगायचं. घरात असा रोग निघाला की पहिला प्रश्न येतो, "कोणी आणला?" त्याचा पंचनामा करत बसलात तर दवाखान्याला उशीर होतो, आणि शिक्षा बहुधा ज्याची चूक नाही त्याला होते. वर सांगितलेल्या घरात ती शिक्षा आईला झाली आणि बाळालाही. आधी दोघांनी मिळून औषध घ्या. रुसवा-फुगवा, जाब-जबाब मागाहून होऊ द्या. त्याला आयुष्य पडलं आहे.