पदयात्रेतील पुढची पिशवी : निवड, माप व वापर

पदयात्रेस निघणारे भाविक पाठीवरच्या सॅकचा पुष्कळ विचार करतात. छातीवर किंवा पोटाशी बांधावयाच्या लहान पिशवीची खरेदी मात्र बहुधा आदल्या सायंकाळी, बाजारात जी पुढे येईल ती उचलून उरकली जाते. वास्तविक दिवसभर हात जातो तो याच पिशवीकडे. पाणी, औषध, सुटे पैसे, ओळखपत्र आणि मोबाइल तिच्यातच असतात. ती चुकीची निघाली तर मान अवघडते, घाटात पाऊल दिसत नाही आणि नेमक्या वेळी गोळी सापडत नाही. यात्रेच्या दिवसांत याविषयी वारंवार विचारणा होत असल्याने ही माहिती येथे थोड्या विस्ताराने देत आहोत.

पुढे पिशवी वागविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. जुने वाटसरू व वारकरी खांद्यावर पडशी टाकून चालत. पडशी म्हणजे दोन्ही टोकांस बंद आणि मध्यभागी तोंड असलेली लांब पिशवी. ती खांद्यावर टाकली म्हणजे तिचा एक भाग पाठीवर आणि दुसरा छातीवर येई. दोहोंकडे भार सारखा असला की ती घसरत नसे आणि चालणाऱ्यास पुढे झुकावेही लागत नसे. पैशांकरिता कमरेस कसा, पान-सुपारीकरिता चंची अशी निराळी सोय असे. आज परदेशी बनावटीच्या महाग पिशव्यांच्या जाहिरातींत तोलाचे जे तत्त्व मोठ्या कौतुकाने सांगितले जाते, ते आपल्या पडशीत पूर्वीपासून होते. ओझे केवळ पाठीवर असले की शरीर आपोआप पुढे झुकते आणि कंबर व मान दुखू लागतात. समोर थोडे वजन आल्याने तो झोक कमी होतो. मात्र ‘थोडे’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे सर्वांस ठाऊक असते. पण पिशवी भरताना त्याचे विस्मरण होते. लिटरची बाटली, मोबाइल, त्यास वीज पुरविणारी बॅटरी, चष्मा, औषधे आणि वाटेतला खाऊ एवढे भरले की दोन किलो सहज होतात. आमच्या मते पुढच्या पिशवीची मर्यादा तेथेच संपावी, आणि साठीपुढील भाविकांनी तर एक किलोवरच थांबावे. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पुढे ठेवून बाकीचे पाणी मागे ठेवल्यास निम्मा प्रश्न सुटतो. फार कप्प्यांच्या पिशवीचा मोह टाळावा. कप्पा दिसला की तो भरण्याची बुद्धी होते.

माप ठरविण्याची सोपी रीत अशी. पिशवी भरून, बांधून सरळ उभे राहावे आणि मान किंचित खाली करून पाहावे. आपल्या पायांचे अंगठे आणि त्यांपुढची वीतभर जमीन दिसली पाहिजे. नंतर हात नेहमीप्रमाणे पुढे-मागे हलवीत चालावे. कोपर पिशवीस घासत असेल तर ती रुंद आहे असे समजावे. (आमच्या गावाचे नावच कोपर असल्याने हे माप येथील मंडळींच्या विशेष ध्यानात राहते.) शेवटची परीक्षा जिन्यावर घ्यावी. कोपर स्थानकात दिवा-वसई मार्गाचा फलाट वर आणि मुख्य मार्गाचे फलाट खाली आहेत. गर्दी नसेल अशा वेळी तो जिना भरलेली पिशवी बांधून एकदा उतरून पाहावा. पुढची पायरी पाहण्यासाठी पिशवी हाताने बाजूस सारावी लागली, तर ती कार्ल्यास एकवीरा देवीच्या पायऱ्या उतरताना किंवा दिवे घाटात पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर उपयोगाची नाही.

बांधण्याच्या पद्धतीत मोठा फरक असतो. केवळ गळ्यात अडकविण्याची पिशवी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. तिचा सारा भार मानेवर येतो आणि प्रत्येक पावलास ती छातीवर आपटते. एका खांद्यावरून तिरपी घालावयाची पिशवी देवदर्शनापुरती ठीक आहे, परंतु रोज वीस किलोमीटर चालावयाचे असेल तर एकच खांदा दुखतो. कमरेचा पट्टा मानेस त्रास देत नाही. मात्र पोट मोठे असणाऱ्यांस तो खाली घसरण्याची तक्रार राहते आणि बसताना तो रुततो. लांबच्या चालीस आम्ही दोन प्रकार सुचवू. एक, पाठीवरच्या सॅकच्या दोन्ही पट्ट्यांस चार ठिकाणी हूकने अडकणारी पिशवी. हिचा भार सॅकच्या पट्ट्यांवरच जातो, मानेवर मुळीच येत नाही. दुसरा, पाठीवर फुलीसारखे पट्टे येणारी स्वतंत्र पिशवी. वारीत जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाते आणि चालताना अंगावर सॅक नसते, म्हणून आळंदी ते पंढरपूर या सुमारे २५० किलोमीटरच्या वाटेस हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा पडतो. कोणतीही पिशवी घेतली तरी तिचे बकल एका हाताने उघडते की नाही हे दुकानातच पाहावे. गर्दीत पट्टा कशात अडकला तर दोन्ही हात मोकळे मिळतीलच असे नाही.

लोखंडी शिडी चढावयाची असेल तेथे पुढची पिशवी सोडून सॅकमध्येच ठेवावी. आपल्या भागातील अनेक भाविक श्रावणात कर्जतकडून खांडस गावी जाऊन भीमाशंकर चढतात. त्यांतील शिडी घाटाच्या वाटेवर किंवा नवरात्रात कळसूबाईच्या शिड्यांवर (हे १६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे) छातीवरची पिशवी दांड्यांत अडकते आणि चढणाऱ्यास शिडीपासून बाहेर ढकलते. हात ओले, दांडे ओले, आणि शरीर मागे झुकलेले, अशी ती अवस्था होते. भीमाशंकरास वयस्कर मंडळींनी गणेश घाटाची वाट धरावी. ती लांब आहे, पण शिड्यांची नाही.

लोकलमधील प्रवासाचेही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांची यात्रा लोकलनेच सुरू होते. डब्यात शिरताना सॅक पाठीवरून काढून पुढे घेण्याची मुंबईकरांची सवय चांगली आहे. मागच्या माणसास धक्का लागत नाही आणि चोरासही संधी मिळत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकल गाड्या एकमेकींस ओलांडत असता दारात लटकलेले प्रवासी खाली पडले व काहींचा मृत्यू झाला. त्याच्या कारणांविषयी पुढे वाद झाला, आणि गर्दीचा मूळ प्रश्न पिशवीहून फार मोठा आहे. तथापि प्रवाशांच्या पाठीवरील पिशव्या परस्परांस घासल्या असाव्यात, असेही तेव्हा सांगण्यात आले होते. भरलेली पिशवी पुढे असो वा मागे, ती घेऊन दारात उभे राहू नये. उतरताना मात्र पुढे घेतलेली मोठी सॅक हातात धरावी, म्हणजे फलाट आणि गाडी यांमधील फट दिसते.

आत काय ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण औषधांबाबत चालढकल नको. हृदयविकार असणाऱ्यांनी जिभेखाली ठेवावयाची गोळी नेहमी एकाच कप्प्यात ठेवावी आणि तो कप्पा सोबतच्या दोन माणसांस दाखवून ठेवावा. छातीत पेसमेकर बसविलेल्या भाविकांनी मोबाइल छातीवरच्या पिशवीत ठेवू नये. त्या यंत्रापासून तो किमान १५ सेंटिमीटर दूर असावा, असे डॉक्टर सांगतात. काही नव्या पिशव्यांचे बकल लोहचुंबकाचे असते, तेही त्यांनी टाळावे. इन्सुलिन ऊन व अंगाची उष्णता दोन्ही लागणाऱ्या या पिशवीत उघडे ठेवल्यास खराब होते. त्यासाठी थंडावा टिकविणारे वेगळे पाकीट मिळते.

पावसाळी यात्रेत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. कापडातून पाणी आले नाही तरी चेनमधून आणि शिवणीतून येते. कागदपत्रे, नोटा व मोबाइल घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून मगच आत ठेवावेत. चामड्याची पिशवी घेऊ नये. ती भिजली की जड होते आणि अनेक देवस्थानांत चामड्याच्या वस्तू आत नेऊ देत नाहीत. कित्येक ठिकाणी मोबाइल व पिशवी दर्शनापूर्वी बाहेर ठेवावी लागते. अशा वेळेसाठी पैसे व ओळखपत्र असलेले छोटे पाकीट पिशवीतून सुटे काढता येईल असे असावे.

त्याच पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी. तीवर नाव, घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक, रक्तगट, चालू औषधे व न सोसणारी औषधे स्वच्छ अक्षरांत लिहावीत. वारीस जाणाऱ्यांनी दिंडीचा क्रमांक लिहिताना ती ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हेही अवश्य लिहावे. दोन्हीकडे क्रमांक एकपासूनच सुरू होतात, आणि नुसत्या क्रमांकावरून चुकलेल्या वारकऱ्यास चालत्या सोहळ्याच्या भलत्याच टोकास नेऊन सोडले जाते. मोबाइलची बॅटरी संपली की ही चिठ्ठीच कामास येते.

दानशूर भाविकांसही एक विनंती आहे. पदयात्रींना पिशव्या वाटण्याची प्रथा स्तुत्य आहे. परंतु बहुतेक वेळा छपाई ठळक आणि पट्टा सुतळीएवढा असतो. तो दुसऱ्या दिवशी मानेत रुततो व तिसऱ्या दिवशी तुटतो. दोन बोटे रुंदीचा पट्टा, टोकांस दुहेरी शिवण आणि अंगाकडील बाजूस घाम शोषणारे सुती कापड एवढे सांगून घेतले तर थोड्या अधिक खर्चात पिशवी अनेक वर्षे टिकते. एकदम शंभर नगांची मागणी देण्यापूर्वी एक नमुना शिवून घ्यावा, त्यात दोन किलो तांदूळ भरावेत आणि चालण्याची सवय असलेल्या एखाद्या वारकऱ्यास तो दिवसभर वापरावयास द्यावा. पट्ट्याची लांबी कमी-जास्त करता येईल असे पाहावे, कारण तीच पिशवी आजोबांना आणि शाळकरी नातवालाही दिली जाते. दात्याचे नाव पिशवीच्या आतील बाजूस छापले तरी चालते. बाहेरची मोकळी जागा चमकणाऱ्या पट्टीस द्यावी, म्हणजे पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालणारा यात्रेकरू वाहनचालकास दुरून दिसतो.