विनोदी उत्तरकथा : ‘जायंट रोबोट’च्या निमित्ताने

विडंबनात मूळ शैलीचे अतिशयोक्त अनुकरण असते. अत्र्यांचा ‘झेंडूची फुले’ (१९२५) हा त्याचा ठळक नमुना. विनोदी उत्तरकथेला मात्र मूळ कथेचे नियम आणि तिचा शेवट मान्य करूनच पुढे जावे लागते.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर दाखवलेली ‘जायंट रोबोट’ ही जपानी मालिका (मूळ प्रसारण १९६७-६८, भाग २६) आपल्यापैकी काहींना आठवत असेल. तिच्यातील रोबोट मनगटी घड्याळातून आज्ञा देणाऱ्या जॉनी या एकाच मुलाचा आवाज मानतो. अखेरीस मात्र तो जॉनीची ‘परत ये’ ही हाक न ऐकता शत्रूसह अवकाशात नष्ट होतो. यंत्राने आज्ञा मोडावी आणि प्रेक्षकाचे डोळे भरून यावेत, हे या मालिकेचे खरे यश.

आता कल्पना करा : तो कसाबसा वाचलेला रोबोट २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात उतरला आहे. शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येते आहे. साठीला टेकलेल्या जॉनीला लोक गळ घालतात, “काका, नांदेडच्या विष्णुपुरीतून थोडं पाणी आणायला सांगा की त्याला!” जॉनी घड्याळात ओरडतो, रोबोट ढिम्म. मुलाचा आवाज कधीच फुटून घोगरा झाला आहे!

येथे हसू मूळ नियमातूनच फुटते. लातूरकरांची तहान हा हास्यविषय नव्हे. ती हसण्याचा विषय झाली, तर कथा फसली असे समजावे.

स्वाध्याय : रोबोटला जॉनीची ओळख पटते, तो प्रसंग आपल्या बोलीतील संवादांसह लिहा. मूळ कथेचा एकही नियम मोडू नका.