ओळखपत्र नाकारलं म्हणून विजेचा झटका?

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियात शिकते. पोलिसांचं ऐकलं नाही, एवढ्यावरून तिथे विद्यार्थ्याला टेझरचा झटका देतात का?

उत्तर : दिला गेला आहे. नोव्हेंबर २००६मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात (यूसीएलए), पॉवेल ग्रंथालयात, रात्री ओळखपत्र न दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला पोलिसांनी वारंवार झटके दिले. टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं यंत्र, असं थेट अंगाला टेकवलं की स्नायू आखडत नाहीत, नुसती वेदना होते. आणि वेदनेने कळवळणाऱ्याला ‘ऊठ’ म्हणून पुन्हा झटका द्यायचा, हे मला तरी असमर्थनीय वाटतं. पोलीस म्हणाले, तो अंग सैल सोडून अडून बसला होता. असेल, पण त्याने हल्ला केला नव्हता. विद्यापीठाच्या अंतर्गत चौकशीत पोलीस निर्दोष ठरले, बाहेरच्या चौकशीत नियमभंग दिसला. विद्यार्थ्याच्या दाव्यात २००९मध्ये २,२०,००० डॉलरवर तडजोड झाली. पुढे २०११मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने, वाहतूक पावतीवर सही नाकारणाऱ्या गरोदर स्त्रीला झटके देणं अतिरेकी बळ ठरवलं. पोलिसांना मात्र भरपाईच्या दाव्यापासून संरक्षण मिळालं. म्हणून मुलीला सांगा : ओळखपत्र जवळ ठेव, हुज्जत जागेवर घालू नकोस, तक्रार नंतर लेखी कर.